स्टीलहेडसाठी नेलपॉलिशचा मणी: रंगवणं सोपं, बसवणं अवघड

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात हिवाळ्यात स्टीलहेड (समुद्रातून नदीत परतणारा ट्राउट मासा) गरवायला निघालेल्या नवख्याला आमिषाबद्दल वाट्टेल ते ऐकवलं जातं. मार्शमेलो लाव, मक्याचा दाणा लाव, मण्याला बडीशेपेचं तेल चोपड. मार्शमेलो आणि मका तळ्यात सोडलेल्या ट्राउटसाठी ठीक, तेही जिथे परवानगी असेल तिथे. कडक प्लास्टिकवर तेल टिकतच नाही. वाहत्या नदीत मी एकाच विचित्र आमिषावर भरवसा ठेवतो: हस्तकलेच्या दुकानातला साधा मणी आणि त्यावर नेलपॉलिश.

सॅमनची मादी नदीच्या तळाचे गोटे उकरून गाबोळी घालते. मागून आलेली दुसरी मादी तीच जागा पुन्हा उकरते आणि आधीची अंडी प्रवाहात सुटतात. ती टिपायला ट्राउट खाली टपलेले असतात. स्टीलहेड म्हणजेही समुद्रात जाऊन परतणारा रेनबो ट्राउटच, त्यालाही ही सवय असते. पण अशी वाहून आलेली अंडी बहुतेक मेलेली असतात, रंगाने दुधाळ. मणी म्हणजे याच अंड्याची नक्कल, म्हणून दुकानातला लखलखीत केशरी मणी जसाच्या तसा वापरू नका.

रंगवणं: अर्धपारदर्शक केशरी मणी टूथपिकवर खोचा, मोतिया पांढऱ्या नेलपॉलिशचा पातळ हात द्या, वाळला की दुसरा. भोक सुईने मोकळं करा. रंग हातात धरून ठरवू नका. काचेच्या पेल्यात पाणी घ्या, मणी त्यात सोडा आणि खिडकीशी धरा. बाहेर गुळगुळीत चमकणारा मणी पाण्यात गेला की चमक हरवते, उरतो तो धुकट गुलाबी-केशरी गोळा. तोच खरा रंग. स्वच्छ पाण्याला ८ मिमी, गढूळ असेल तर १० किंवा १२.

आता मणी बसवणं. याच टप्प्याने मला सगळ्यात जास्त छळलं, आणि सल्लेही सगळ्यात वाईट याचेच मिळतात. आधी मणी ओवायचा, मगच गरी बांधायची. मणी गरीपासून साधारण दोन इंच वर पक्का करायचा. मासा मणी तोंडात घेतो, खोटा कळताच थुंकतो. तेवढ्यात तंगूस (गरीची दोरी) ताणला जातो आणि गरी जबड्याच्या कोपऱ्यात बाहेरून बसते. ‘चार-पाच इंच ठेव, जास्त लागतात’ म्हणणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. तशी गरी डोळ्यात किंवा कल्ल्यात घुसते, आणि त्याला मासा गरवणं म्हणत नाहीत. अलास्कात तर नियमच आहे: मणी गरीपासून २ इंचांच्या आत पक्का हवा, नाहीतर तंगुसावर मोकळा सरकणारा.

पक्का करायला सगळे मण्याच्या भोकात टूथपिक ठोकतात. लाकूड पाण्यात फुगतं. कोरडं असतानाच घट्ट ठोकलंत, तर नदीत ते तंगुसाला चिरडतं, आणि मोठा मासा नेमका तिथेच तंगूस तोडून जातो. मऊ रबराची बारीक खुंटी वापरा. टूथपिकच हातात असेल तर टोक हलकेच आत सरकवा, बोटाने ढकलल्यावर मणी जेमतेम सरकला पाहिजे, मग उरलेलं टोक मोडून टाका. प्रत्येक माशानंतर मणी बोटभर बाजूला सरकवून त्या जागेवरून नख फिरवा. नखाला खरखर लागली की गरी कापा, नवी बांधा. थंडीत बोटं बधिर झालेली असताना याचा कंटाळा येतो, तरी करा.

पुढचं सोपं. फ्लोटखाली (पाण्यावर तरंगणाऱ्या बोंडाखाली) शिशाचे बारीक दाणे लावून मणी तळाच्या जरा वर, पाण्याच्याच वेगाने वाहू द्या. फ्लोट थबकला की काठी उचला.

वॉशिंग्टनमध्ये बऱ्याच पाण्यांवर खाण्याचं आमिष आणि वास लावायला बंदी आहे, गरीही बिनकाट्याची, म्हणजे टोकाजवळ उलटा काटा नसलेली लागते. नियम हंगामाच्या मध्येच बदलतात, त्यामुळे निघण्याआधी त्याच दिवशीचे बघा. मासा हाती लागला की पाठीवर शेपटीजवळचा छोटा मांसल पर पाहा. तो कापलेला असेल तर मासा उबवणी केंद्रातला. शाबूत असेल तर तो जंगली समजा आणि फोटोसाठीसुद्धा पाण्याबाहेर न काढता गरी सोडवा.