ज्येष्ठांना हॅम रेडिओ दाखवताय? या चुका टाळा

वृद्धाश्रमात पहिल्यांदा हॅम रेडिओ (परवाना घेऊन छंद म्हणून हवेवर बोलायचा रेडिओ) घेऊन गेलो तेव्हा मी वीस मिनिटं आयनांबर, म्हणजे रेडिओलहरी परत खाली वळवणारा वातावरणाचा वरचा भाग, समजावून सांगत होतो. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एका आजोबांनी विचारलं, "आवाज कधी येणार?" त्यांचं बरोबर होतं. आवाज आधी, माहिती नंतर.

पण तो आवाज त्यांना कळतोय का, हे तपासायचंच अनेक स्वयंसेवक विसरतात. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच.

वय वाढतं तशी उंच पट्टीचे आवाज ऐकण्याची ताकद आधी कमी होते. 'स', 'श', 'फ' निसटतात. माणूस म्हणतो, "ऐकू येतंय, पण कळत नाही." त्यात एसएसबीवरचं (हॅममधल्या लांबच्या बोलण्याच्या नेहमीच्या पद्धतीतलं) बोलणं जेमतेम अडीच किलोहर्ट्झच्या पट्ट्यात मावलेलं आणि वर खरखर. अशा वेळी आपण आवाज वाढवतो, खरखरही वाढते आणि आजी हेडफोन काढून ठेवतात. त्याऐवजी आरएफ गेन (रेडिओची सिग्नल पकडण्याची संवेदनशीलता) कमी करा आणि जोरकस स्टेशन निवडा. ट्यूनिंग नीट जुळवा, कारण शे-दोनशे हर्ट्झ सरकलं तरी आवाज चिरका किंवा घोगरा होतो. पहिल्या दिवशी तर जवळच्या रिपीटरवरचं (सिग्नल पकडून पुन्हा जोरात पाठवणाऱ्या केंद्रावरचं) स्वच्छ एफएमच बरं. श्रवणयंत्र असेल तर कानात घालायचे इअरफोन चालत नाहीत आणि मोठ्या हेडफोनखाली यंत्र कधीकधी शिटी मारतं. छोटा स्पीकर कानाजवळ ठेवा आणि "कसं बरं वाटतंय?" असं त्यांनाच विचारा.

इथे मोर्सला, म्हणजे टिंब-रेघांच्या संकेतांना, कमी लेखू नका. बोलणं न कळणाऱ्यालाही मोर्सचा एकच सूर बऱ्याचदा स्पष्ट ऐकू येतो आणि त्याची पट्टी खाली, ५०० हर्ट्झच्या आसपास आणता येते. साध्या सराव-ऑसिलेटरवर (नुसता सूर काढणाऱ्या यंत्रावर) काही प्रक्षेपित होत नाही, त्यामुळे मोर्सची 'की' (दाबून संकेत पाठवायची कळ) कुणालाही बिनधास्त हाताळू द्या. बोटं आखडत असतील तर साध्या 'की'ऐवजी हलक्या स्पर्शाचं पॅडल (बाजूनं दाबायची कळ) द्या. एखाद्यानं तरुणपणी तारखात्यात किंवा जहाजावर काम केलेलं असतं आणि त्याची बोटं अजून विसरलेली नसतात. असं कुणी भेटलं तर तुमचा कार्यक्रम बाजूला ठेवा आणि त्यांना शिकवू द्या.

बँडवर कुणीच नाही

बँडवर, म्हणजे हॅमसाठीच्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यात, कुणी भेटेलच असं नशिबावर विसंबून जाऊ नका. दिवसा ७ मेगाहर्ट्झवर साधारण काही शे किलोमीटरपर्यंतच बोलणं होतं, कारण आयनांबराचा डी थर दूरचा सिग्नल शोषून घेतो. दिवसा लांबचं ऐकवायचं तर १४ मेगाहर्ट्झ बघा. तरीही दोन-तीन मित्रांना वेळ आणि फ्रिक्वेन्सी आधी सांगून ठेवाच. हॅममंडळींच्या जास्तीत जास्त स्टेशनं गाठायच्या स्पर्धेचा शनिवार-रविवार टाळा. त्या गडबडीत दोन वाक्यांपलीकडे कुणी बोलत नाही.

आदल्या दिवशी त्याच खोलीत, त्याच वेळी नुसतं ऐकून या. एलईडी दिवे, चार्जर, लिफ्ट यांचा गोंगाट तेव्हाच कळतो. रेडिओ बॅटरीवर चालवा, परवानगी घेऊन एकेक दिवा बंद करून बघा. वैद्यकीय उपकरणांना मात्र हात लावायचा नाही. ७ मेगाहर्ट्झचा डायपोल (तारेची सरळ अँटेना) सुमारे २० मीटर लांब, तो प्रत्येक ठिकाणी बसत नाही. खिडकीजवळ छोटा लूप (कड्यासारखी अँटेना) ठेवून फिरवत गेलात तर कधीकधी गोंगाटाची दिशा टाळता येते. केबल जमिनीवरून नेऊ नका, त्यात काठी किंवा वॉकर अडकतो.

प्रक्षेपण करण्याआधी कुणाला पेसमेकर आहे का, कुठली यंत्रं चालू आहेत, हे तिथल्या डॉक्टरांना विचारा. अँटेना माणसांपासून लांब, पॉवर कमी. ५ वॉटमध्येही छान बोलणं होतं. शंका असेल तर त्या दिवशी फक्त ऐका.

माइक हातात देताना

परवाना नसलेल्या व्यक्तीनं परवानाधारकासमोर बोलावं की नाही, याचे नियम देशागणिक वेगळे. परदेशी स्टेशनशी बोलायचं तर ते आणखी कडक असू शकतात, म्हणून आधी तपासा. कॉलसाइन (परवान्यासोबत मिळालेलं ओळखचिन्ह) तुम्हीच द्या आणि रेडिओपासून हलू नका.

"बोला आजी, काहीतरी बोला" असं म्हटलं की आजी गप्प होतात. पलीकडच्या मित्राला एक प्रश्न ठरवून द्या: "तुमच्या घरी पहिला रेडिओ कधी आला?" मग थांबायची तयारी ठेवा. उत्तर यायला वेळ लागतो, मध्ये तोंड घालू नका. बटण दाबून धरणं आणि सोडणं जमत नसेल तर ते काम तुम्ही करा.

हवेवरचं बोलणं कुणीही ऐकू शकतं. पूर्ण नाव, खोली, आजारपण, पैशांच्या गोष्टी नकोत, हे सुरू करण्यापूर्वीच प्रेमानं सांगा. आजोबा रंगात आल्यावर त्यांना थांबवणं दोघांनाही अवघड जातं.

आणि एकदा जाऊन फोटो काढून परत फिरकलाच नाहीत, तर मुळीच जाऊ नका. महिन्यातून एकच दिवस ठरवा, पण तो पाळा. झालेल्या बोलण्यांच्या नोंदींचं एक लॉगबुक तिथेच ठेवा, मोठ्या ओळींचं, आणि नोंद त्यांच्याच हातानं होऊ द्या. क्यूएसएल कार्ड (बोलणं झाल्याची पोचपावती) आलं की पुढच्या भेटीची वाट न बघता ते पोचवा. ज्यांचं बोलणं झालं होतं, त्यांच्याच हातात द्या.