सातारा-सांगलीहून चीड-देवदाराच्या रानात

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सूचिपर्णी जंगल नाही. पाचगणीत रस्त्याकडेला उंच उभे असतात ते सिल्व्हर ओक. ते ना ओक, ना सूचिपर्णी. कोकणातला सुरू लांबून पाइनसारखा दिसतो, पण त्याची 'सुई' म्हणजे पेरांची बारीक काडी. दोन बोटांत धरून ओढली की पेरापाशी टचकन तुटते आणि तुटल्या टोकाशी खवल्यांचं इवलंसं कडं दिसतं. ती खवलंच त्याची पानं. आपल्या अंगणात दिसणारं अस्सल सूचिपर्णी झाड म्हणजे मोरपंखी, जिचं पान पोरं विद्या यावी म्हणून वहीत ठेवतात.

रान बघायचं तर हिमालय गाठावा लागतो, आणि तिथे सह्याद्रीत मुरलेले पायच आधी फसतात. कोयना-चांदोलीत ज्याला जपायचं, तो दाट झाडोरा, शेवाळलेला कातळ आणि जळवा, यातलं चीडच्या, म्हणजे तिथल्या लांब सुयांच्या पाइनच्या, कोरड्या रानात फारसं काही भेटत नाही. माणूस निर्धास्त होतो. तिथले धोके दुसरे आहेत.

कुठे आणि केव्हा

उंचीप्रमाणे झाड बदलतं. साधारण ५०० ते २,००० मीटरपर्यंत चीड. त्याच्या वर ३,००० मीटरपर्यंत देवदार आणि कैल (हाही पाइनच). अडीच हजारांच्या वर राई (स्प्रूस) आणि तोष (फर). अंदाजासाठी, महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट १,४३८ मीटर आहे, म्हणजे तो उचलून कुमाऊंत ठेवला तर ऐन चीडच्या पट्ट्यात बसेल.

पहिल्या खेपेला उत्तराखंडातलं जागेश्वर बरं. सुमारे १,८७० मीटरवर, दगडी मंदिरांच्या समूहाभोवती जुने देवदार, आणि अल्मोड्याकडून येताना वाटेत चीडही भेटतो. मिरजेहून गोवा एक्स्प्रेसने हजरत निजामुद्दीन, दिल्लीहून रात्रीच्या गाडीने काठगोदाम, पुढे अल्मोड्यापर्यंत घाटरस्ता आणि तिथून जागेश्वर आणखी ३५ किलोमीटर. शेअर जीप मिळतात, पण दुपारनंतर कमी होतात. काठगोदामहून सकाळीच निघायचं.

चीड बघायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगला. देवदाराला ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा एप्रिल-मे. जुलै ते सप्टेंबरचा मध्य सरळ टाळावा. दरड कोसळली की रस्ता दोन-दोन दिवस बंद राहतो आणि परतीचं आरक्षण वाया जातं.

झाड ओळखायचं कसं

वर बघू नका, खाली पडलेला झुबका उचला. तीन सुया एकत्र आणि वीतभर लांब असतील तर चीड. पाच सुयांचा झुबका, सुया मऊ आणि लोंबत्या, तर कैल. देवदाराच्या सुया इंच-दीड इंचाच्या, आखूड फांदीवर गोल चक्रासारख्या फुटलेल्या. त्याच्या आडव्या पसरलेल्या फांद्यांचे थर लांबूनही कळतात.

राई आणि तोष यांत भलेभले गोंधळतात. एकच सुई बोटांत धरून फिरवा. राईची चौकोनी, म्हणून गरगर फिरते आणि टोक टोचतं. तोषची चपटी, फिरत नाही, आणि टोकाला बारीक खाच असते. शंकूही सांगतात: राईचे खाली लोंबतात, तोषचे फांदीवर ताठ उभे राहतात. देवदाराचेही उभेच, पण ते झाडावरच सुटे होऊन खवल्या-खवल्यांनी गळतात, त्यामुळे खाली अख्खा शंकू सहसा सापडत नाही. सापडतो तो त्याचा शेंडा, हुबेहूब लाकडात कोरलेला गुलाब.

पिरूल

वाळून गळलेल्या चीडच्या सुयांना कुमाऊंत पिरूल म्हणतात. या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे. सुई लांब, गुळगुळीत, वरून मेणचट. उतारावर तिचा चार बोटं जाड थर साचतो. खोल खाचांचा महागडा सोल इथे कामाला येत नाही, कारण तो वरच्या सुया धरतो आणि त्या सुया खालच्या सुयांवरून घसरतात. सोल मातीपर्यंत पोचतच नाही. राजगड-वासोटा केलेल्यांचे इथे पाय सुटतात ते यामुळे.

घसाऱ्यावर आपण टाच रुतवत उतरतो. पिरूलवर टाच रुतत नाही, ती पुढे पळते आणि माणूस पाठीवर येतो. म्हणून आडवं व्हायचं. बुटाची कड उताराला लावून पायाने एकदा बाजूला झाडल्यासारखं करायचं, माती दिसली की मगच भार टाकायचा. पावलं अर्ध्या लांबीची, गुडघे किंचित वाकलेले. उघडी मुळं, दगड, गवताचे ठोंब दिसतील तिथे पाय. काठी उताराच्या बाजूला टेकवायची. पाय सुटलाच तर सावरायच्या नादात पुढे झुकू नका, सरळ बसकण मारा. गट असेल तर तिरक्या रेषेत, दोघांत तीन-चार मीटर अंतर ठेवून उतरा. एकाखाली एक उतरलात तर वरचा घसरला की खालच्यालाही घेऊन जातो. दुपारच्या उन्हात कडक वाळलेला पिरूल सर्वांत वाईट. तीव्र उतार सकाळी उरकावेत.

देवदाराखाली हा त्रास नाही. जमीन मऊ, दाबली की वर येणारी. पण उत्तरेच्या उतारावर सावलीत थंडीतलं बर्फ मार्चपर्यंतही टिकतं आणि वाटेवर काचेसारखा थर धरतं.

वाट

चीडचं रान खालून मोकळं असतं. शंभर पावलं चौफेर दिसतात, त्यामुळे वाट चुकणार नाही असं वाटतं, आणि तिथेच घात होतो. सगळे खांब सारखे. उतारावर ढोरवाटा एकीखाली एक समांतर गेलेल्या, प्रत्येक मळलेली. किल्ल्याचा बुरूज किंवा देवळाचा कळस नजरेत ठेवून चालायची सोय इथे नाही. दर दहा मिनिटांनी मागे वळून बघा, कारण परतताना वाट तशीच दिसणार आहे. फाट्यावर फोटो काढा. किती सोंडा ओलांडल्या ते मोजा. नकाशा मुक्कामावरच मोबाइलमध्ये उतरवून ठेवा.

चुकलात तर ओढ्याच्या कडेने खाली जाऊ नका. ओढा गावाला नेतो हे आपल्याकडचं गणित. तिथले गधेरे, म्हणजे डोंगरी ओढे, कड्यांच्या चिंचोळ्या घळीत उतरतात. शेवटच्या ओळखीच्या फाट्यापर्यंत चढून परत या.

दिवसही लवकर संपतो. डिसेंबरात साताऱ्यात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, तर अल्मोड्याकडे जवळपास पाऊण तास आधी. त्यात डोंगराची सावली. दुपारी दोनला परत फिरायचं, समोर काहीही असो. अस्वल आणि बिबट्या दोन्ही आहेत, आणि दोघांचाही वावर सकाळ-संध्याकाळ जास्त.

आग

उत्तराखंडात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानतात. आपल्या माळावरचा गवताचा वणवा भडकतो आणि विझतो. पिरूलची आग थराखाली धुमसत राहते. शिवाय पेटलेले शंकू उतारावरून गडगडत खाली जातात आणि आग मोकळा पट्टा ओलांडून पुढे लागते. बिडी, शेकोटी, चहाचा स्टोव्ह, काहीही नको. राखीव जंगलात आग लावणं भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हाही आहे. खालून धूर आला तर वर पळू नका, आग चढावर माणसापेक्षा वेगाने येते. आडवं निघून रस्ता, शेत किंवा आधीच जळून गेलेली जमीन गाठा.

पिशवीत

चीडची धार कोरडी असते, झरे कमी. माणशी दोन लिटर पाणी. खायला तासगावचे बेदाणे, शेंगदाणे, गूळ, कडक भाकरी. कंदी पेढे चांगले भाजलेले असतील तर प्रवासात टिकतात. सांगलीचं भडंग मुक्कामावरच संपवा, धारेवरच्या वाऱ्यात निम्मं उडून जातं. उंचीला हजार मीटरमागे साधारण साडेसहा अंशांनी थंडी वाढते, म्हणून उन्हाळ्यातही एक गरम जाकीट हवंच. तयारीला महिनाभर आठवड्यातून दोनदा यवतेश्वरचा घाट, सांगलीकरांनी दंडोबा, पाठीवर पाच किलो घेऊन.

बिचकायचं आणखी एक झाड: सिसूण, म्हणजेच बिच्छू बूटी. ओलसर कडांना उगवते, पानावर बारीक काटेरी केस. खाजकुइलीने खाजतं, हिने डंख बसल्यासारखी आग होते. वाटेकडेचं झुडूप आधाराला धरण्याआधी बघा.

चीडच्या खोडावर खाचा आणि खाली लावलेलं भांडं दिसेल. तो लिसा, टर्पेंटाइनसाठी गोळा केलेला चीक. भांड्याला हात लावू नका. हाताला चीक लागलाच तर पाण्याने आणि साबणाने तो फक्त पसरतो. खोबरेल तेल चोळा, दोन मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसा, मग साबण. कपड्यावर लागला तर सॅनिटायझर.

अभयारण्यातून शंकू, पान, काहीच आणता येत नाही. आठवणीला हवाच तर बाजारातल्या दुकानातून चीडचा शंकू घ्या आणि उघडा ठेवा, बरणीत नको. कोरड्या हवेत त्याची खवलं उमलतात आणि दमटात मिटतात. साताऱ्यात जूनमध्ये तो मूठ आवळल्यासारखा होतो आणि दिवाळीपर्यंत पुन्हा उघडतो.