किंग ऑयस्टर घरी लावताय? मराठवाड्यात या चुका टाळा

पहिल्या वर्षी मी दत्तजयंतीच्या आठवड्यात किंग ऑयस्टर मशरूमच्या बारा पिशव्या भरल्या. थंडी चांगली पडली होती. थंडीतलं मशरूम, मग थंडी पडल्यावरच लावायचं, असा माझा हिशेब होता. जानेवारी संपता संपता पिशव्या मशरूमच्या तंतूंनी पांढऱ्याशुभ्र झाल्या, मी तोंडं उघडली, आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात परभणीत दुपारचा पारा ३२ अंशांच्या पुढे गेला. बोटाच्या पेराएवढे कोंब आले, तपकिरी पडले आणि तिथंच वाळले. बाराच्या बारा पिशव्या गेल्या. त्याच खोलीत साधी धिंगरी, म्हणजे नेहमीचं ऑयस्टर मशरूम, जोमात येत होती, त्यामुळे तर जास्त जिवाला लागलं.

आपल्याकडे किंग ऑयस्टर फसतं ते बहुतेक वेळा असंच, लावायची वेळ चुकल्यामुळे. साधी धिंगरी पंधरा-वीस दिवसांत पिशवी व्यापते. किंग ऑयस्टरला तीस-पस्तीस दिवस लागतात, आणि पिशवी पूर्ण पांढरी झाल्यावरही आठ-दहा दिवस तशीच मिटून ठेवावी लागते. या काळात त्याला २४-२५ अंश हवे असतात. पण कोंब फुटायला आणि वाढायला १२ ते १८ अंश लागतात. मराठवाड्यात हे दुसरं तापमान मिळतं ते डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या शेवटापर्यंत, तेही रात्री आणि सकाळी. म्हणून दिवस मागे मोजत यायचं. काढणी संक्रांतीला हवी असेल, तर कोंब येळवशीच्या (मार्गशीर्ष अमावास्येच्या) आगेमागे दिसले पाहिजेत. म्हणजे पिशव्या डिसेंबरच्या मध्याला उघडायच्या आणि भरायच्या २५ ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबरच्या दरम्यान. तेव्हा हवाही पिशवी पांढरी व्हायला बरोबर असते. लातूर-धाराशिवकडे थंडी परभणीपेक्षा थोडी सौम्य असते, तिथं भरायला उशीर अजिबात करू नका.

खोली कोणती घेता, त्यावरही बरंच ठरतं. पत्र्याची खोली या पिकाला चालतच नाही. पहाटे ८ अंश आणि दुपारी ३० अशी उलथापालथ कोंबांना सोसत नाही. जुनं माळवदाचं घर असेल तर नशीबवान आहात. जाड भिंती आणि वरची माती यामुळे आतलं तापमान दिवसभरात फार हलत नाही. तसं घर नसेल तर स्लॅबच्या घरातली उत्तरेकडची, खालच्या मजल्यावरची खोली घ्या. अंदाजावर राहू नका. स्वस्तातला तापमान आणि आर्द्रता दाखवणारा मीटर पिशव्यांच्या उंचीवर टांगा आणि दुपारी तीनला वाचा, कारण फसगत दुपारीच होते.

धिंगरीचा भुसा, धिंगरीची पद्धत

दुसरी चूक करणारे बहुतेक अनुभवी लोक असतात. धिंगरी जमलेली असते, म्हणून तेच भुसकट गरम पाण्यात भिजवून त्यात किंग ऑयस्टरचं स्पॉन, म्हणजे मशरूमचं बियाणं, टाकतात. नुसत्या भुसकटावर हे मशरूम येतं, पण बारीक येतं. जाडजूड दांडा हवा असेल तर कोंडा लागतो. आणि कोंडा घातला की गरम पाण्याने भागत नाही, कारण त्या पौष्टिक मिश्रणावर हिरवी बुरशी आपल्या मशरूमच्या आधी पोचते. लोक इथं स्पॉनवाल्याला दोष देतात. पंधराव्या दिवशी पिशवीत हिरवे डाग दिसले, तर आधी आपण ती नीट शिजवली होती का, ते आठवून बघा.

माझं मिश्रण असं: सोयाबीनचं बारीक भुसकट किंवा बाभळीचा, आंब्याचा लाकडी भुसा ८०० ग्रॅम, गव्हाचा कोंडा २०० ग्रॅम, पाणी साधारण दीड लिटर. सुताराकडून भुसा आणताना कशाचा आहे ते विचारून घ्या. सागवान मुळातच बुरशीला दाद देत नाही, आणि प्लायवूडच्या भुशात डिंक असतो. दोन्ही नकोत. मिश्रण मुठीत जोरात दाबलं की एखाद-दोन थेंब यावेत. धार लागली तर पाणी जास्त आहे, तळाला साचून पिशवी आंबते. भुसकट पाणी हळू पितं, म्हणून आदल्या रात्रीच भिजवा.

मग कुकर. पिशव्या पीपीच्याच (पॉलिप्रॉपिलिनच्या) घ्या, साधं पॉलिथिन वितळतं. कुकरमध्ये तळाला जाळी ठेवा आणि पाणी भरपूर घाला. पिशवीचं प्लास्टिक झाकणाच्या वाफेच्या भोकाला कधीही टेकता कामा नये, ते धोक्याचं आहे. प्रेशर आलं की आच मंद करा आणि किलोभराच्या पिशवीला तिथून पुढे दोन तास मोजा. घरच्या शिट्टीच्या कुकरमधून वाफ सतत निघत राहते. म्हणून मी तासाभराने गॅस बंद करते, प्रेशर पूर्ण उतरलं की पाणी बघून भर घालते आणि पुन्हा प्रेशर आल्यावर उरलेला वेळ मोजते. कंटाळवाणं काम आहे, पण वीस मिनिटं वाचवायला गेलात तर दीड महिना वाया जातो. फॉर्मलीनमध्ये भुसा भिजवण्याची पद्धत धिंगरीसाठी पुष्कळ ठिकाणी वापरतात. राहत्या घरात ती करू नका. तो वास डोळ्यांना आणि छातीला त्रास देतो, आणि घरात लेकरं असतात.

पिशव्या रात्रभर गार होऊ द्या. स्पॉन सकाळी, पंखा बंद करून टाका. हाताला लावलेलं स्पिरिट पूर्ण उडाल्याशिवाय गॅस पेटवू नका. ओल्या मिश्रणाच्या किलोला ५० ते ८० ग्रॅम स्पॉन पुरतं. पिशवीच्या तोंडाला लावलेला कापसाचा बोळा ओला झाला असेल तर बदला, जंतू तिथूनच शिरतात. आणि स्पॉन घेताना हे किंग ऑयस्टरचंच आहे ना, हे बिलावर लिहून घ्या. एका वर्षी माझ्या पिशव्यांतून करड्या धिंगरीचे झुबके आले, आणि तोवर हंगाम निघून गेला होता.

बाजूने चिरा मारू नका

धिंगरीच्या पिशवीला आपण चारी बाजूंनी काप देतो. किंग ऑयस्टरला ते मानवत नाही. हे मूळचं भूमध्य समुद्राभोवतालचं मशरूम. तिकडे ते एरिंजियम नावाच्या काटेरी झाडांच्या मुळांवर वाढतं आणि जमिनीतून सरळ वर येतं. शास्त्रीय नावातलं ‘एरिंजाय’ त्यावरूनच आलं. त्यामुळे पिशवीचं फक्त वरचं तोंड उघडा आणि प्लास्टिकची पाच-सात सेंटिमीटरची कड उभी राहू द्या. या कडेच्या आत मशरूमच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड थोडा साठून राहतो आणि त्याने दांडा जाड, लांब होतो. आता मशरूमकडे बघून कड कमी-जास्त करायची. दांडा काडीसारखा लांब आणि टोपी टिकलीएवढी असेल तर हवा कमी पडतेय, कड खाली दुमडा. टोपी मोठी आणि दांडा बुटका असेल तर हवा जास्त आहे, पुढच्या पिशवीची कड उंच ठेवा. खिडकीतून येणारा साधा उजेड पुरतो, ऊन नको.

कोंब दाट आले तर सगळे ठेवायचा मोह होतो. करवंदाएवढे झाले की त्यातले दोन-तीन टपोरे ठेवून बाकीचे धारदार पात्याने काढा. पहिल्यांदा हात धजत नाही, पण न काढलेल्या पिशवीत सगळेच कुपोषित राहतात.

आर्द्रता ८५ ते ९० टक्के हवी, आणि आपली हिवाळ्यातली हवा म्हणजे ओठ फुटणारी. मग लोक दिवसातून पाच वेळा थेट कोंबांवर फवारा मारतात. टोपीवर पाणी साचून राहिलं की जिवाणूंमुळे पिवळे-तपकिरी, चिकट डाग पडतात आणि वास येतो. असा कोंब लगेच काढून टाका. पाणी भिंतीवर टांगलेल्या बारदानावर आणि फरशीवर मारा. टोपीला भेगा पडत असतील तर बारदानं वाढवा.

घाबरण्यासारखं नसतं तेही सांगते. पिशवीत थोडं पिवळसर पाणी दिसलं आणि वास चांगला असला तर तो आपल्या मशरूमचाच स्राव असतो. कोंबांवर पांढरी लव चढली तर हवा खेळती करा. हिरवा डाग मात्र घरात उघडून बघू नका, पिशवी मिटलेलीच लांब नेऊन पुरा. चिलटं दिसली तर खिडकीला बारीक जाळी आणि खोलीत पिवळे चिकट कागद लावा.

टोपीची कड अजून किंचित आत वळलेली असतानाच मशरूम बुडाशी धरून पिरगळून काढा. पूर्ण सपाट होऊ दिलं तर दांडा पोकळ नाही होत, पण चव उतरते. फ्रिजमध्ये कागदी पिशवीत दहा-बारा दिवस सहज राहतं. दांड्याच्या चकत्या तव्यावर दोन्हीकडून लाल करून येसरच्या आमटीत सोडल्या तरी विरघळत नाहीत, धिंगरीसारखा लगदा होत नाही.

बहुतेक उत्पन्न पहिल्याच बहरात येतं. दुसरा बहर लहान असतो आणि त्याला पुन्हा तीच थंडी लागते. म्हणून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यानंतर काढणी झालेल्या पिशव्या मी राखून ठेवत नाही. फोडून भुसा गांडूळखताच्या बेडमध्ये टाकते, आणि त्याच खोलीत साध्या धिंगरीच्या पिशव्या टांगते.