सेफ क्लस्टरमधून डिस्क काढताय? या चुका टाळा

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या लहान कारखान्यात सेफ (Ceph, म्हणजे अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून एकच साठवण करणारी प्रणाली) क्लस्टर उभा करायचा, तर तो बहुधा तीन सर्व्हरचा आणि प्रत्येकात चार-सहा डिस्कचा असतो. मोठ्या क्लस्टरची पद्धत इथे जशीच्या तशी चालत नाही.

सगळ्यात महाग चूक म्हणजे जागेचा हिशेब न करता ओएसडी (एका डिस्कचा कारभार पाहणारी सेवा) 'आउट' करणे, म्हणजे त्या डिस्कवरचा डेटा दुसरीकडे हलवायला सांगणे. डेटाच्या तीन प्रती आणि दर सर्व्हरवर एकच प्रत, असा नियम असेल तर काढलेल्या डिस्कवरचा डेटा दुसऱ्या सर्व्हरवर जाऊच शकत नाही. तो त्याच सर्व्हरच्या उरलेल्या डिस्कमध्ये मावायला हवा. चार सारख्या डिस्क ७०% भरलेल्या असतील, तर एक काढल्यावर उरलेल्या तिन्ही सरासरी ९३% होतात. सेफ मूळ सेटिंगनुसार ८५ टक्क्यांना इशारा देतो, ९० ला त्या डिस्कवर डेटा हलवणे थांबवतो आणि ९५ ला लिहिणेच बंद करतो. म्हणजे काम अर्ध्यातच अडकणार. तसे झाले तर डिस्क पुन्हा 'इन' करा. मुळात कोणती डिस्क किती भरली हे दाखवणारी 'सेफ ओएसडी डीएफ ट्री' (ceph osd df tree) ही कमांड आधी पाहा. चार डिस्कचा सर्व्हर ६०% च्या वर भरला असेल, तर आधी नवी डिस्क जोडा, मगच जुनीला हात लावा. सुटी डिस्क मुंबई-पुण्याहून मागवायची असेल, तर ती हातात येईपर्यंत थांबा.

'आउट' केले म्हणजे डिस्क रिकामी झाली असे नाही. डेटा हलायला तिथून सुरुवात होते. इथे दोन तपासण्यांची गल्लत फार होते. 'ओके-टू-स्टॉप' एवढेच सांगते की ही ओएसडी सेवा बंद केली तरी डेटा वाचता-लिहिता येईल. डिस्क कायमची काढता येईल का, हे 'सेफ-टू-डिस्ट्रॉय' (safe-to-destroy) सांगते. दुसरीचा होकार येईपर्यंत ट्रे ओढू नका. तीन प्रतींच्या पूलमध्ये (डेटाच्या कप्प्यात) काम चालू राहायला मूळ सेटिंगनुसार किमान दोन प्रती लागतात. एक डिस्क घाईने काढली आणि त्याच वेळी दुसऱ्या सर्व्हरची एक बिघडली, की दोन्हींवर असलेल्या डेटाचे वाचन-लेखन थांबते.

होकार मिळाल्यावर सेवा बंद करून 'पर्ज' करा, म्हणजे ओएसडी क्लस्टरच्या नोंदीतून पुरता काढा. त्याच जागी नवी डिस्क बसवायची असेल तर 'पर्ज'ऐवजी 'डिस्ट्रॉय' वापरा, म्हणजे ओएसडीचा क्रमांक आणि क्रश नकाशातली (डेटा कुठे ठेवायचा हे ठरवणाऱ्या नकाशातली) जागा तशीच राहते. चार किंवा अधिक सर्व्हर असतील आणि डिस्क कायमची जाणार असेल, तर सुरुवातीलाच तिचे क्रश वजन (डेटाचा किती वाटा तिला द्यायचा तो आकडा) ० करा. नुसते 'आउट' करून नंतर 'पर्ज' केले की सर्व्हरचे वजन बदलते आणि डेटा दुसऱ्यांदा हलतो.

चुकीची डिस्क ओढणे ही चूक अगदी साधी आहे, पण नुकसान खरे होते. एसडीसी, एसडीडी ही नावे रीबूटनंतर बदलू शकतात. 'सेफ डिव्हाइस एलएस'मधला सीरियल नंबर ट्रेवरच्या लेबलशी जुळवा. लेबल नसेल तर आज लावा.

ओएसडीचा डीबी (त्याच्या आतल्या नोंदी) वेगळ्या एनव्हीएमईवर (वेगवान एसएसडीवर) असेल, तर ती एक एनव्हीएमई काढताना तिच्यावर अवलंबून असलेले सगळे ओएसडी जातात. कोणते ते कळायला आधी 'सेफ-व्हॉल्यूम एलव्हीएम लिस्ट' (ceph-volume lvm list) पाहा.

सेफएडीएममध्ये (cephadm, सेफ क्लस्टर सांभाळणारे साधन) 'सगळ्या मोकळ्या डिस्क वापर' असा नियम चालू असेल, तर पुसलेल्या डिस्कवर काही वेळात नवा ओएसडी तयार होतो. काम सुरू करण्यापूर्वी तो नियम 'अनमॅनेज्ड' करा. वीज बंदच्या दिवशी 'नोआउट' लावले असेल तर तेही काढलेय ना, ते पाहा. ते राहिले तर बंद पडलेली डिस्क एरवीसारखी १० मिनिटांनी आपोआप 'आउट' होत नाही.