फेल्ट हॅट काचतेय की ढगळ होतेय? घरच्या घरी नीट बसवायची कशी

फेल्टची, म्हणजे न विणता तंतू दाबून केलेल्या जाड कापडाची, हॅट दुकानातल्या आरशात झकास बसते आणि घरी आल्यावर अर्ध्या तासात कपाळावर लाल वळ, नाहीतर उलटं, मान खाली घातली की हॅट थेट नाकावर. मग साइझ चुकली म्हणून ती कपाटावर जाऊन बसते ती कायमची. पण पुष्कळदा साइझ बरोबरच असते हो, आकार जुळत नसतो. डोकं काही गोल नसतं, अंडाकृती असतं, कोणाचं पुढून मागे लांबट तर कोणाचं जवळजवळ गोल, आणि हॅट बनते ती एका ठरावीक साच्यावर. मी ठाण्यात हौशी नाटकवाल्यांचा कपडेपट बघते, तिथे एकच हॅट या एकांकिकेत गुप्तहेराच्या डोक्यावर आणि पुढच्या एकांकिकेत जादूगाराच्या, आणि डोकी दोघांची दोन तऱ्हेची, त्यामुळे हे सगळं करावंच लागतं. तर आधी नक्की कुठे काचतंय ते शोधायचं, मगच हात लावायचा, आणि जे परत काढून टाकता येईल ते आधी करायचं. वाफ वगैरे सगळ्यात शेवटी.

पहिलं काम, हॅट उलटी करून आत बघा. आतून गोल फिरलेला चामड्याचा किंवा कापडाचा पट्टा असतो तो बोटाने बाहेर काढा, स्वस्तातल्या बऱ्याच हॅटमध्ये त्या पट्ट्यात दोरी नाहीतर वेल्क्रो लपवलेलं असतं आणि लोकांना ते माहीतच नसतं, तसं निघालं तर तुमचं काम झालं, पुढचं वाचूच नका. त्याच पट्ट्यावर बारीकसा बो किंवा जोड दिसेल, ती मागची बाजू. बाहेरच्या रिबिनीचा बो बहुतेक हॅटवर डाव्या कानाकडे असतो. हे सांगायचं कारण म्हणजे हॅट उलटी घालून "काचते काचते" म्हणणारे खरंच असतात. आणि लेबल बघा. लोकर किंवा सशाच्या केसांचं फेल्ट असेल तर वाफेने त्याला वळण देता येतं. पॉलिएस्टर असेल तर वाफेच्या भानगडीत पडू नका, गरम झाल्यावर ते कुठे आणि कसं वाकडं होईल सांगता येत नाही, त्याला फक्त आतून पट्टी लावणं एवढाच उपाय.

मग माप. शिंप्याकडे असते ती टेप कपाळाच्या मध्यावरून, कानाच्या वर बोटभर जागा सोडून, मागे जिथे डोकं सगळ्यात जास्त बाहेर येतं तिथून फिरवायची. ओढून घट्ट नाही करायची. ऑनलाइन हॅटवर ७ १/८, ७ १/४ असे आकडे असतात ते बघून लोक गांगरतात, तो आकडा म्हणजे अंदाजे डोक्याचा व्यास इंचात, म्हणून १/८ चा फरक हा घेरात साधारण एक सेंटिमीटर पडतो. अमेरिकन मापात ५७ सेंमी म्हणजे ७ १/८ आणि ५८ म्हणजे ७ १/४. ब्रिटिश माप १/८ ने कमी असतं, म्हणजे तेच ५८ तिकडे ७ १/८ होतं, त्यामुळे कंपनी कुठली ते बघून घ्या किंवा सरळ सेंटिमीटरमधलं माप मागा. केस वाढलेले असताना घेतलेलं माप कटिंग केल्यावर थोडं ढगळ वाटणारच, तेवढं धरून चाला.

आता खरी परीक्षा. हॅट घाला, कपाळाच्या मध्यावर आणि कानाच्या जरा वर राहील अशी, पाच मिनिटं तशीच ठेवा आणि मग चारी बाजूंनी तर्जनी आत सरकवून बघा. कपाळावर बोट जात नाही आणि दोन्ही कानशिलांपाशी मात्र आरामात जातंय, मध्ये फट दिसतेय, तर तुमचं डोकं लांबट आहे आणि हॅट गोलसर. कानशिलं ठणकतायत आणि पुढेमागे जागा आहे, तर उलटं. सगळीकडे सारखंच घट्ट किंवा सारखंच सैल असेल तरच तो साइझचा प्रश्न. हॅटचा काठ पण चुगली करतो, टेबलावर सरळ असणारा काठ डोक्यावर चढवल्यावर वेडावाकडा उठला तर समजायचं की आत डोकं हॅटला आपल्या आकारात ओढतंय.

सैल हॅट हे सोपं प्रकरण आहे. पट्टा बाहेर काढायचा, पट्टा आणि फेल्ट यांच्या मधे फोमची पट्टी सरकवायची, पट्टा परत आत. हॅटसाठीची म्हणून वेगळी पट्टी ऑनलाइन मिळते पण हार्डवेअरच्या दुकानात दाराखिडक्यांच्या फटींना लावायची फोमची पट्टी मिळते तिनेही भागतं, फक्त तिचा गोंद भलताच चिवट असतो म्हणून चिकटवायच्या आधी बिनचिकट ठेवून, घालून, चालून बघा. हिशोब असा की दीड मिलिमीटर जाडीची पट्टी पूर्ण गोल फिरवली तर घेर जवळजवळ एक सेंटिमीटरने कमी होतो, म्हणजे एक साइझ. फोम दाबला जातो म्हणून प्रत्यक्षात थोडं कमीच. त्यामुळे दुकानात मिळणारी जाडजूड पट्टी बघून सरळ गोल फिरवलीत तर हॅट डोक्यात शिरायचीच नाही. पूर्ण गोल लावायची गरजही फार क्वचित पडते, लांबट डोक्याला दोन्ही कानशिलांवर बोटभर लांबीचे दोन तुकडे, गोल डोक्याला एक पुढे एक मागे, की झालं. फक्त पुढे लावली तर हॅट मागे सरकते, हे नाटकात लगेच कळतं.

फोम नसेल तर पेपर. वर्तमानपत्राचं अर्धं पान लांबीत घड्या घालत बोटाएवढ्या रुंदीची पट्टी करायची आणि तीच आत सरकवायची, जुने लोक हेच करायचे. याचा मोठा फायदा म्हणजे एकेक घडी कमीजास्त करून बरोबर माप सापडतं, दुसऱ्या प्रयोगाला दुसरं डोकं आलं की पट्टी काढायची. तोटा एवढाच की आपल्याकडच्या घामाने तो लगदा होतो आणि फिक्या हॅटला शाई लागते, म्हणून पेपरवर माप ठरवा आणि कायमची पट्टी फोमचीच लावा. डबल साइड टेप मात्र नको, उन्हात गोंद वितळून चामड्याला लागला की निघत नाही.

घट्ट हॅटला जरा धीर लागतो. आधी वाफेशिवायचा उपाय करून बघा. आत चामड्याचा पट्टा असेल तर ओल्या फडक्याने तो आतल्या बाजूने नुसता दमट करायचा, ओला चिंब नाही, आणि हॅट घालून घरात वावरायचं, भाजी निवडा, मॅच बघा, काहीही करा, पट्टा वाळेपर्यंत काढायची नाही. चामडं वाळताना तुमच्या डोक्याचं वळण घेतं. जुलैमध्ये हे करत बसू नका, इथल्या दमट हवेत तो वाळतच नाही, पंख्याखाली बसलात तरी.

त्याने भागलं नाही तर वाफ. फेल्ट म्हणजे विणलेलं कापड नव्हे, केसांवरच्या बारीक खवल्यांमुळे तंतू एकमेकांत अडकून बसलेले असतात आणि वर त्याला कडक करायला काहीतरी लावलेलं असतं, पूर्वीपासून लाख वापरतात, सुतार पॉलिशला चपडा वापरतात ना, तीच. वाफेने हे सगळं मऊ पडतं आणि थंड झालं की ज्या आकारात असेल त्या आकारात बसतं. म्हणून वाफ देऊन हॅट नुसती टेबलावर टाकली तर ती सैल व्हायच्या ऐवजी आक्रसते, विशेषतः लोकरीची, आणि मग लोक म्हणतात वाफेने वाट लागली. वाफ दिल्यावर थंड होईपर्यंत हॅटला हव्या त्या आकारात धरून ठेवायचं, खरं काम ते.

करायचं कसं, तर पट्टा पूर्ण बाहेर उलटा काढायचा, कारण चामड्याला वाफ लागली की ते आक्रसतं आणि कडक होतं आणि मग आतून हॅटच लहान होते. किटलीच्या तोटीपासून वीतभर अंतरावर हॅट धरायची, जिथे काचतंय तेवढ्याच भागावर आतून आठदहा सेकंद, हात हलता ठेवून. फेल्ट बोटाला मऊ लागलं पाहिजे, ओलं नाही. लगेच अंगठ्याने आतून बाहेर दाबत तो भाग जरा फुगवायचा, पट्टा आत, आणि हॅट डोक्यावर. दहापंधरा मिनिटं. लांबट डोकं असेल तर हॅट घातलेली असतानाच दोन्ही तळहातांनी हॅटच्या माथ्याच्या बाजू कानाच्या वर हलक्या आत दाबून ठेवा, पुढेमागे आपोआप जागा होते. एकदा करून बघायचं, थोडा फरक पडला की पुन्हा, एकाच दणक्यात नाही. आणि कृपा करून कुकरच्या शिटीवर हॅट धरू नका, त्यातून नुसती वाफ येत नाही, वरणाचं पाणी येतं, पिवळे ठिपके पडतात आणि हातही भाजतो.

सगळीकडून घट्ट असेल तर लाकडी स्ट्रेचर मिळतो, दोन अर्धे भाग आणि मधे स्क्रू, हॅटमध्ये घालून बेताने फिरवायचा, रात्रभर ठेवायचा. अर्धा ते एक सेंटिमीटर, त्याच्या पुढे हाव धरली तर पट्ट्याची शिवण उसवते. फुटबॉल आत घालून पंपाने हवा भरायची आयडिया पण फिरत असते, पण बॉल गोल आणि डोकं अंडाकृती, त्यामुळे हॅट मोठी होते ती नेमकी कानशिलांपाशी, जिथे लांबट डोक्याला आधीच फट असते.

माप जमलं तरी आराम मिळेलच असं नाही, कारण ठाण्यात प्रश्न घामाचा आहे. मे महिन्यात दुपारी गोखले रोडवर फेल्ट हॅट घालून हिंडायचं असेल तर माझ्याकडे उपाय नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी येऊरला किंवा संध्याकाळी तलावपाळीला, तेव्हा मजा. आत बाइकवाले हेल्मेटखाली घालतात ती पातळ सुती कॅप घातली तर घाम पट्ट्याला लागत नाही, पण तिची जाडी मोजूनच पट्टी लावा. डोक्याला तेल लावून हॅट घालायची नाही, खोबरेल तेल पट्ट्यातून झिरपून रिबिनीच्या वर डाग पाडतं. पडलाच तर कॉर्नफ्लॉवर भुरभुरून रात्रभर ठेवा आणि सकाळी मऊ ब्रशने झटका, एकदोनदा करावं लागतं. सॅनिटायझर किंवा स्पिरिटने पुसायला जाऊ नका, लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि तेवढाच भाग लुळा पडतो.

वाऱ्याला भिऊन लोक हॅट मुद्दाम घट्ट घेतात, ते नको. वाशीच्या सागर विहारला किंवा पाम बीच रोडला खाडीचा वारा सुटला की घट्ट हॅट पण उडतेच. त्यापेक्षा बारीक काळं इलॅस्टिक घ्या आणि दोन टोकं कानांच्या जरा मागे आतल्या पट्ट्याला शिवा, फेल्टला नाही. ते हनुवटीखाली नाही, मागे मानेवर केसांखालून न्यायचं, दिसतही नाही. अंबाडा असेल तर लांब हॅटपिन, फेल्टमधून केसांत आणि परत बाहेर, हे इलॅस्टिकपेक्षा भारी.

बसवलेली हॅट बिघडते ती बहुतेक पावसात नाहीतर गाडीत. उन्हात उभ्या असलेल्या कारच्या मागच्या काचेजवळ ठेवली की चामडं आक्रसतं आणि केलेलं सगळं पाण्यात. भिजली तर झटकून, पट्टा बाहेर काढून त्या पट्ट्यावरच उभी ठेवा, वाळेल तेव्हा वाळेल, हेअर ड्रायर अजिबात नाही. एरवी ठेवताना हॅटच्या माथ्यावर उलटी, म्हणजे काठ चपटा होत नाही. उचलताना माथ्याला पुढून चिमटा काढल्यासारखी घडी असते तिला धरून उचलायची सवय असते सगळ्यांना, तिथेच फेल्ट चिरतं, काठाला धरा. पावसाळ्यात पट्ट्याला बुरशी येते, हॅट बंद पिशवीत कोंबू नका, खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि अधूनमधून हवा द्या. कसर लोकरही खाते आणि सशाचे केसही, त्यासाठी डांबरगोळ्या कापडात बांधून, हॅटला न चिकटतील अशा.

पट्टाच फाटला असेल तर हॅट फेकू नका. जांभळी नाक्याला बाजारात गेलातच तर लेस-बटणांच्या दुकानात आडव्या रेघांची, जरा कडक, इंचभर रुंद रिबीन मागा, जुना पट्टा शिवणीवरून उसवून त्याच भोकांतून ती हाताने शिवता येते, चामड्यापेक्षा ती मऊही लागते आणि घामाला बरी. फक्त एक, चोर बाजारातून किंवा कोणाच्या पणजोबांच्या ट्रंकेतून खूप जुनी परदेशी हॅट हाती लागली तर तिला वाफ देऊ नका. पूर्वी सशाच्या केसांचं फेल्ट करताना पाऱ्याचं संयुग वापरायचे, अमेरिकेत ते १९४१ मध्ये बंद झालं, आणि त्याआधीच्या हॅटमध्ये पारा अजून सापडतो. तसली हॅट फोमची पट्टी लावून जमली तर घाला, नाहीतर शोकेसमध्ये.