दहावी-बारावीत हजेरी कशी सांभाळायची

बोर्डाला 75 टक्के हजेरी लागते हे सगळ्यांना माहीत असतं, पण हिशोब कोणी करत नाही. समजा वर्ग 200 दिवस भरले तर 150 दिवस बसावंच लागतं, म्हणजे गणपती, दिवाळीला गावी जाऊन वर चार-चार दिवस जास्त राहिलात, मग ताप, मग मामाचं लग्न, की उरलेले 50 दिवस भराभर संपत जातात. म्हणून महिन्याच्या शेवटी वर्गशिक्षकांना सरळ विचारा, "सर, माझे किती दिवस भरले?" आजारी पडलात तर पालकांच्या सहीचा अर्ज आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट परत आल्या दिवशीच द्या, फेब्रुवारीत शोधत बसू नका.

बारावी सायन्सवाल्यांनो, क्लासच्या नादात कॉलेज बुडवता ना, फिजिक्सचे 30 मार्क प्रॅक्टिकलचे आहेत, आणि मित्राच्या जर्नलवरून रिडिंग उतरवलेलं तोंडी परीक्षेत लगेच कळतं, व्हर्नियरचा लीस्ट काउंट (म्हणजे त्या मोजपट्टीने मोजता येणारं सर्वात लहान माप) विचारला की झालं!! दहावीलाही गणितात 80 लेखी आणि 20 अंतर्गत, ते वीस वर्गात दिसणाऱ्याला सोपे जातात.

बुडलेल्या दिवसाची वही त्याच संध्याकाळी मागा, फोटोवर भागवू नका, फळ्यावरची आकृती त्यात निम्मी कापलेली असते. आणि गॅदरिंग, कबड्डीची प्रॅक्टिस यासाठी तास सोडणार असाल तर आधी सरांच्या कानावर घाला, नाहीतर मस्टरवर गैरहजेरीच लागते.