थायलंडमध्ये निवृत्त होऊन राहायचंय? आठ लाख बाट आणि तारखांचं गणित

थायलंडमध्ये जाऊन राहायचं ठरवणाऱ्या निवृत्त माणसाकडे पैसा सहसा असतो. अर्ज अडतो तो त्या पैशाच्या तारखेवर आणि वाटेवर. रक्कम खात्यात चार दिवस उशिरा पोचली, बायकोच्या नावाच्या संयुक्त खात्यात पडली, किंवा परदेशातून आली हे कागदावर दिसलंच नाही, की इमिग्रेशनच्या खिडकीवरचा माणूस फाइल परत सरकवतो. म्हणून इथे व्हिसाची माहिती आणि बँकेची माहिती वेगळी केलेली नाही. दोन्ही एकाच कॅलेंडरवर मांडावी लागते.

वयाची अट ५० वर्षं पूर्ण. भारतीय पासपोर्टवर मुख्य मार्ग दोन आहेत, नॉन-इमिग्रंट ओ आणि नॉन-इमिग्रंट ओ-ए. दहा वर्षांचा ओ-एक्स व्हिसा ठरावीक १४ देशांच्या नागरिकांनाच मिळतो आणि त्या यादीत भारत नाही, त्यामुळे कोणी एजंट तो मिळवून देतो म्हणाला तर तिथेच थांबा. श्रीमंत पेन्शनरांसाठी दहा वर्षांचा एलटीआर, म्हणजे दीर्घ मुक्कामाचा व्हिसा, आहे. त्याला वर्षाला ८०,००० डॉलर बसल्या जागी मिळणारं उत्पन्न लागतं, किंवा ४०,००० डॉलरच्या वर उत्पन्न आणि शिवाय थायलंडमध्ये अडीच लाख डॉलरची गुंतवणूक. सामान्य पेन्शनवाल्यासाठी तो नाही.

ओ-ए भारतातूनच मिळतो आणि थेट एक वर्षाचा असतो. मुक्कामासाठी दाखवावी लागणारी आठ लाख बाटांइतकी रक्कम (बाट हे थायलंडचं चलन) या अर्जाच्या वेळी भारतातल्या बँकेत दाखवली तरी चालते, ही त्याची सोय. पण त्यासोबत पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, कुष्ठरोग, क्षयरोग, हत्तीरोग, तिसऱ्या टप्प्यातील सिफिलिस आणि अमली पदार्थांचं व्यसन नाही असा डॉक्टरांचा दाखला, आणि किमान ३० लाख बाटांचं संरक्षण देणारा आरोग्यविमा लागतो. हा विमा पुढे दरवर्षी मुदत वाढवतानाही मागतात. सत्तरीच्या पुढे, मधुमेह किंवा हृदयविकाराची नोंद असताना असा विमा मिळवणं अवघड आणि महाग. ओ व्हिसावरून मुदत वाढवताना विम्याची सक्ती नाही. त्यामुळे साठीच्या पुढच्या बहुतेकांना आम्ही ओ हाच रस्ता सांगतो.

ओ व्हिसा ९० दिवसांचा. अर्ज थायलंडच्या सरकारी ई-व्हिसा संकेतस्थळावर करायचा. राहण्याचा पत्ता महाराष्ट्रातला असेल तर तो मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे जातो. पासपोर्टची मुदत अर्जापुरती सहा महिने आहे एवढं बघून भागत नाही. पुढची वर्षाची मुदतवाढ पासपोर्ट संपतो त्या तारखेपलीकडे मिळत नाही. दोन वर्षांहून कमी उरली असतील तर आधी पासपोर्ट नवा करून घ्या. थायलंडला पोचण्याआधीच्या तीन दिवसांत तिथलं डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं. ते विनामूल्य आहे, पैसे मागणारी साइट खरी नव्हे.

आता गाभ्याची गोष्ट. ९० दिवस संपायच्या आत, शेवटच्या ३० दिवसांत, थायलंडमधल्या इमिग्रेशन कार्यालयात एक वर्षाच्या मुदतवाढीचा अर्ज करायचा. त्या दिवशी थाय बँकेत, एकट्या अर्जदाराच्या नावावर, किमान ८,००,००० बाट असायला हवेत आणि ते आधीचे पूर्ण दोन महिने तिथे असायला हवेत. म्हणजे नव्वदातून साठ गेले. खातं उघडून पैसे पोचवायला हातात उरतो जेमतेम महिना.

तारखा घालून बघा. ३ नोव्हेंबरला उतरलात तर नव्वदावा दिवस ३१ जानेवारी. अर्जाला २७ जानेवारीला जायचं ठरवलं तर २७ नोव्हेंबरच्या आत पूर्ण रक्कम खात्यात दिसली पाहिजे. ‘आत’ म्हणजे २५ला, कारण मधल्या बँकेने रक्कम दोन दिवस अडवून कागद मागितले तर पर्याय उरत नाही. उतरल्याच्या पहिल्या आठवड्यात खातं उघडलं पाहिजे, घर नंतर शोधता येईल असं म्हणून चालत नाही. खात्याला पत्त्याचा पुरावा लागतो.

खात्यासाठी पासपोर्ट, त्यावरचा नॉन-इमिग्रंट व्हिसा, भाडेकरार आणि थाय मोबाइल नंबर घेऊन जा. पुष्कळ शाखा इमिग्रेशन कार्यालयाकडून राहण्याचा दाखलाही मागतात. बनावट खात्यांच्या फसवणुकीमुळे थाय बँका परदेशी ग्राहकांबाबत कडक झाल्या आहेत, आणि एकाच बँकेच्या दोन शाखांचं उत्तर वेगळं येतं. नकार मिळाला की वाद न घालता परदेशी लोकवस्तीतली मोठी शाखा गाठा. साधं बचत खातं पासबुकासह घ्या. नुसतं अ‍ॅपवर चालणारं खातं नको, कारण इमिग्रेशनला छापील पासबुक लागतं. थायलंडमध्ये ठेवींना संरक्षण आहे ते एका बँकेत एका ठेवीदारामागे १० लाख बाटांपर्यंत. आठ लाख त्यात बसतात, त्याहून बरीच जास्त रक्कम एकाच ठिकाणी ठेवू नका.

भारतातून पैसे पाठवताना निवासी व्यक्तीला उदारीकृत प्रेषण योजना, म्हणजे बँकेच्या भाषेत एलआरएस, लागू होते: एप्रिल ते मार्च या आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा. आपल्या शाखेत पॅन आणि ए-टू फॉर्म द्यायचा. हेतूचा संकेतांक चुकवू नका. परदेशी बँकेत स्वतःचं खातं चालवण्यासाठी एस००२३ आहे. घाईत ‘पर्यटन’ लिहिलं, तर पुढे टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच कापून घेते तो कर) आणि आयकराच्या नोंदी जुळवताना त्रास होतो.

रक्कम डॉलरमध्ये पाठवा आणि तिचं बाटांत रूपांतर थायलंडमध्ये होऊ द्या. तसं झालं की थाय बँक परदेशातून पैसा आल्याचं पत्र देते. हेच पत्र नंतर खिडकीवर मागतात. स्वस्त दर देणाऱ्या काही मोबाइल सेवा थायलंडमधल्या स्वतःच्याच खात्यातून पैसे भरतात, मग पासबुकात ती रक्कम स्थानिक व्यवहार म्हणून उमटते आणि परदेशातून आल्याचा पुरावा जातो. पहिल्या मोठ्या रकमेसाठी तरी बँक-ते-बँक स्विफ्टच वापरा. खर्च ‘पाठवणाऱ्याने भरायचा’ असा पर्याय निवडा आणि वर १५ ते २० हजार बाट जास्त पाठवा. मधल्या बँकेने शुल्क कापलं आणि खात्यात ७,९८,६०० पडले, तर ते आठ लाख नव्हेत. कमी पडलेले १,४०० नंतर भरले तर दोन महिने त्या दिवसापासून मोजले जातात.

टीसीएसचा हिशोब आधी करा. एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत तो नाही, त्यावरच्या रकमेवर या कारणासाठी २० टक्के. एका बाटाला २ रुपये ७० पैसे धरले तर आठ लाख बाट म्हणजे २१ लाख ६० हजार रुपये. सगळे एकदम पाठवले तर ११ लाख ६० हजारांवर २ लाख ३२ हजार रुपये कापले जातील. विवरणपत्रात ते वळते करून घेता येतात, पण तोवर पैसे अडकतात.

हीच रक्कम दोन आर्थिक वर्षांत विभागली तर कपात १६ हजार आणि १६ हजार, एकूण ३२ हजार. त्यासाठी २० मार्चच्या सुमारास उतरावं लागतं. नव्वदावा दिवस १७ जून, म्हणजे पूर्ण रक्कम १७ एप्रिलच्या आत हवी. अर्धे मार्चअखेरच्या आठवड्यात, अर्धे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. १ एप्रिलला आपल्या बँका वार्षिक ताळेबंदासाठी बंद असतात, तिकडे ६ एप्रिलला चक्री दिनाची सुट्टी आणि १३ ते १५ सोंगक्रान, म्हणजे थाय नववर्षाची सुट्टी. त्यामुळे खरी शेवटची तारीख १० एप्रिल समजा. बेत नेटका आहे, पण खातं मार्चमध्येच उघडलं तरच जमतो. खात्री नसेल तर टीसीएस भरून मोकळं व्हा. आणि बायकोच्या वाट्याचे १० लाख नवऱ्याच्या परदेशी खात्यात टाकून टीसीएस वाचवायचा विचार करू नका. एका निवासीने दुसऱ्या निवासीच्या परदेशातल्या खात्यात एलआरएसखाली भेट जमा करणं रिझर्व्ह बँकेला मान्य नाही.

अर्जाच्या दिवशी सकाळी आधी बँकेत जा. पासबुक त्याच दिवशी छापून घ्या आणि शिलकीचं प्रमाणपत्रही त्याच दिवसाचं घ्या. पासबुकात ताजी तारीख उमटत नसेल तर १०० बाट काढा किंवा भरा. काढायचे असतील तर आठ लाखांच्या वरच्या शिलकीतूनच. मग टीएम ७ फॉर्म, ४ बाय ६ सेंटिमीटरचा फोटो, पासपोर्टच्या आणि पासबुकाच्या सगळ्या पानांच्या सही केलेल्या प्रती, परदेशातून पैसा आल्याचं बँकेचं पत्र, भाडेकरार, घराचा नकाशा आणि १,९०० बाट शुल्क. टीएम ३० ची पावती विसरू नका. परदेशी माणूस राहायला आल्याची ही नोंद घरमालकाने २४ तासांत करायची असते. भाडेकरार करतानाच त्याच्याकडून कबूल करून घ्या, कारण ती नसली की बाकी सगळं बरोबर असूनही अर्ज थांबतो. बँकॉकमध्ये हे काम चेंग वत्थाना इथल्या कार्यालयात होतं, सकाळी लवकर गेलेलं बरं.

मुदतवाढ मिळाली की आठ लाखांना हात लावू नका: पुढचे तीन महिने पूर्ण रक्कम तशीच ठेवायची. त्यानंतर ती कमी करता येते, पण वर्षभर कधीही चार लाखांच्या खाली नाही. काही कार्यालयं तीन महिन्यांनी पासबुक दाखवायला बोलावतात. पुढच्या अर्जाच्या दोन महिने आधी पुन्हा आठ लाख पूर्ण. म्हणजे वर्षातले पाच महिने आठ आणि सात महिने किमान चार. एवढ्यासाठी सगळी खटपट करण्यापेक्षा ती रक्कम विसरून जाणं आणि घरखर्चाला दुसरं खातं ठेवणं हेच शहाणपणाचं.

दुसरा मार्ग दरमहा ६५,००० बाट परदेशातून आणण्याचा. बारा महिने, प्रत्येक महिन्यात, परदेशी व्यवहाराची खूण असलेली नोंद लागते. एका महिन्यात ६४,७०० आले तर तो महिना गेला. पेन्शन आणि भाडं भरपूर असेल तरच हा मार्ग. ठेव आणि वर्षाचं उत्पन्न मिळून आठ लाख, असाही पर्याय नियमात आहे, पण पहिल्या वर्षी तो सिद्ध करणं किचकट.

देश सोडून परत यायचं असेल, मुंबईला लग्नाला जायचं असलं तरी, आधी टीएम ८ भरून री-एंट्री परमिट घ्या: एका वेळेसाठी १,००० बाट, अनेक वेळांसाठी ३,८००. ते न घेता विमानात बसलात की मुदतवाढ रद्द आणि सगळं पहिल्यापासून. सलग ९० दिवस राहिलात की टीएम ४७ ने पत्ता कळवायचा. १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत सवलत आहे, उशिराला २,००० बाट दंड. मुदत संपूनही राहिलात तर रोज ५०० बाट, कमाल २०,०००. आणि या व्हिसावर काम करता येत नाही.

पती-पत्नी दोघं जात असतील तर एकाने आठ लाख दाखवून दुसऱ्याला अवलंबित म्हणून अर्ज करता येतो. विवाह प्रमाणपत्राचं साक्षांकन भारतात असतानाच करा, परराष्ट्र मंत्रालय आणि मग थाय दूतावास; तिकडे गेल्यावर त्याचं प्रमाणित थाय भाषांतर लागतं. दोघांचंही वय ५०च्या वर असेल तर मात्र दोघांनी वेगवेगळी आठ लाखांची ठेव ठेवणं जास्त सुरक्षित आहे. ज्याच्या नावावर मुख्य अर्ज, तो आधी वारला तर अवलंबिताचा मुक्कामच धोक्यात येतो. थाय बँकेत आपल्यासारखं वारसाचं नाव लावून ठेवता येत नाही, खातं गोठतं आणि न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाकरवीच पैसे सुटतात. थायलंडमधल्या मालमत्तेपुरतं वेगळं मृत्युपत्र तिथल्या वकिलाकडून करून ठेवा.

मुक्काम तिथेच पक्का झाला की फेमाप्रमाणे, म्हणजे परकीय चलन कायद्याप्रमाणे, तुम्ही अनिवासी होता आणि भारतातलं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं) करून घेणं तुमचं कर्तव्य आहे. पुष्कळजण हे टाळतात आणि नंतर वारसांना निस्तरावं लागतं. एनआरओच्या व्याजावर ३० टक्के अधिक उपकर मुळातूनच कापला जातो. पीपीएफ मुदतीपर्यंत चालतं, पुढे वाढवता येत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवं खातं उघडता येत नाही. उलट एक सोयही होते: एनआरओतून बाहेर जाणाऱ्या पैशावर टीसीएस नाही. पेन्शन, भाडं, व्याज असं चालू उत्पन्न कर भरून पाठवता येतं, आणि घर विकल्याची वगैरे रक्कम वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत, सीएच्या प्रमाणपत्रासह.

भारतातला मोबाइल नंबर बंद पडू देऊ नका. ओटीपी त्यावरच येतो आणि नंबर गेला की तिकडे बसून तो बदलणं फार जिकिरीचं. रोमिंग चालू ठेवा आणि किमान रिचार्ज वर्षाचा भरून निघा. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला जीवन प्रमाणने फोनवरून देता येतो. ते जमलं नाही तर बँकॉकच्या भारतीय दूतावासात साक्षांकन करून पेन्शन देणाऱ्या कार्यालयाकडे पाठवा.

वर्षात १८० दिवस किंवा त्याहून जास्त राहिलात की तुम्ही थायलंडचे करनिवासी. १ जानेवारी २०२४ नंतर कमावलेलं परदेशी उत्पन्न तिथे आणलं तर ते तिथे करपात्र आहे. त्याआधीची बचत नाही. म्हणून ३१ डिसेंबर २०२३ ची बँक विवरणं आणि मुदत ठेवींच्या पावत्या जपून ठेवा आणि आठ लाख शक्यतो त्या जुन्या पैशातूनच पाठवा. भारत आणि थायलंडमध्ये दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण त्याचा लाभ घ्यायला भारतात भरलेल्या कराचे पुरावे लागतात.

शेवटी विमा. ओ व्हिसाला तो सक्तीचा नाही म्हणून सोडू नका. भारतातली मेडिक्लेम पॉलिसी सहसा भारतातल्याच उपचारांना चालते, तरीही ती बंद करू नका. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी परत यावं लागलं तर सत्तराव्या वर्षी नवी पॉलिसी आणि नवा प्रतीक्षाकाळ परवडणार नाही. तिकडे किमान अपघात आणि रुग्णालयात भरती होण्यापुरतं संरक्षण घ्या, आणि तेही मिळत नसेल तर आठ लाखांना हात न लावता वेगळे पाच-सहा लाख बाट उपचारांसाठी बाजूला असल्याशिवाय निघू नका.